हिन्याचा थेंब

थंडीच्या अत्तरांत पहिला मान हिना आणि शमाम्याचा. ऊद, अंबर, केशर त्यांच्या मागून. वाळा, मोगरा, केवडा ही उन्हाळ्याची. महाराष्ट्रात हिन्याची कुपी बाहेर निघते ती दिवाळीच्या अभ्यंगाला, आणि ते योग्यच आहे. उटण्यातला नागरमोथा आणि कपूरकाचरी हिन्याच्याच जातकुळीच्या कनौजच्या शमाम्यातही असतात; न्हालेल्या अंगावर तो वास परका वाटत नाही.

कनौजच्या भपक्यात, म्हणजे अत्तर ज्यात उतरते त्या भांड्यात, पूर्वी चंदनतेलच असे. चंदन महागल्यापासून पुष्कळ ठिकाणी तिथे लिक्विड पॅराफिन आले. पॅराफिनला स्वतःचा गंध नाही. शमाम्यातली जटामांसी, दगडफूल, वेलची, जायपत्री विरली की मनगटावर नुसता तेलकटपणा राहतो. चंदन मात्र शेवटपर्यंत साथ करते. पॅराफिनवरच्या मालाला शमामा म्हणणे जुन्या अत्तरवाल्याच्या जिवावर येते.

तरी थंडीतली खरी अडचण निवडीची नाही, मात्रेची आहे. हवा गार असली की तेल सावकाश उडते; त्वचेकडचे रक्त कमी होऊन हातही गार पडतो. सकाळी दुकानात कुपीचे बूच हाताच्या पाठीला टेकवले, तर हिना मुका वाटतो. गिऱ्हाईक आणखी मागते, अत्तरवाला आणखी लावतो. तासाभराने तोच माणूस भरल्या लग्नमंडपात बसतो, अंग तापते आणि शेजारच्याचे डोके दुखू लागते. म्हणून बूच टेकवल्यावर हात दहा मिनिटे शालीखाली ठेवावा, मगच हुंगावा. फाया कानाच्या खोबणीत पुरतो. तिथे अंगाची ऊब असते. लोकर वास कित्येक दिवस धरून ठेवते, म्हणून शालीला लावायचे तर अगदी थोडे आणि आतल्या बाजूने. पांढऱ्या कापडाला हिना लावू नये, त्याचा डाग जात नाही.

याच मात्रेत म्हातारे नाक फसवते. साठीनंतर वास मंदावतो, तो इतका हळू की अत्तरवाल्याला आपला हात सैल झाल्याचे कळतच नाही. शिवाय काही कस्तुरीगंध काही माणसांना मुळातच येत नाहीत. उपाय साधा आहे : दुकानातल्या शिकाऊ पोराला विचारावे, "किती येतोय रे?" पण चाळीस वर्षे ज्याच्या नाकाचा लोकांनी शब्द मानला, त्याच्या तोंडून हा प्रश्न निघत नाही. हा निव्वळ अहंकार. आपले नाक खरे आणि गिऱ्हाइकाचे कच्चे, असे धरून चालण्यात कित्येक हिवाळे जातात, आणि तेवढ्या हिवाळ्यांचा हिना लोकांच्या अंगावर जास्त पडलेला असतो.

राहिली गुलाबाची रूह, म्हणजे निव्वळ गुलाबतेल. पारा २० अंशांच्या खाली गेला की ती कुपीतच गोठू लागते. गिऱ्हाइकाला भेसळीचा संशय येतो; वास्तविक गुलाबाच्या अस्सल तेलात मेणासारखा अंश असतो, तो थिजतो. ती विस्तवाजवळ नेऊ नये. कुपी मुठीत धरून बसावे. थोड्या वेळात तेल पुन्हा पातळ होते.