अपडेट झालं आणि मशीन टिकेना

मे महिन्यातल्या एका दुपारी लग्नाच्या फिल्म एडिट करणारा एक तरुण सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षातून उतरला. "दादा, बायोस अपडेट केला त्या दिवसापासून हा टिकतच नाही. एक्सपोर्ट लावलं की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी, आणि आपोआप रीस्टार्ट." दोन दुकानं फिरून झाली होती. एकाने विंडोज नव्याने टाकून दिलं होतं, दुसऱ्याने वीज पुरवणारा एसएमपीएस बदलला होता. तीन लग्नांचं काम अडकलं होतं, आणि बोलताना त्याचा फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा त्याने नाव पाहून तो खिशात ठेवून दिला.

असं मशीन दुरुस्तीला आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अपडेटच्या आदल्या दिवशी ते कसं चाललं होतं? उत्तर बहुधा "मस्त चाललं होतं" एवढंच मिळतं. शोध खरा इथूनच सुरू होतो, कारण त्या 'मस्त'मागे बायोसमध्ये कुणीतरी हाताने लावलेले आकडे असू शकतात, आणि मालकाला त्यांचा पत्ताही नसतो.

बायोस राहतो मदरबोर्डवरच्या आठ पायांच्या, नखाएवढ्या चिपमध्ये. बटण दाबल्यावर विंडोज जागं होण्याआधी प्रोसेसर, रॅम, डिस्क यांना ओळखून कामाला लावणारा प्रोग्रॅम तो हाच. आजच्या मशीनमध्ये त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, पण दुकानात सगळे अजून बायोसच म्हणतात. ही चिप पुन्हा लिहिता येते, हेच तिचं बळ आणि हाच तिचा धोका. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने अनेक देशांत नेमका याच सोयीचा फायदा घेतला. चिपमधला मजकूर खराब झाल्यावर बोर्ड चालूच होईनात. आपल्याकडे उन्हाळ्यात अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तरी हीच गत होऊ शकते. मग चिपला क्लिप लावून प्रोग्रॅमरने ती नव्याने लिहावी लागते. त्यातही काही चिप ३.३ व्होल्टच्या असतात आणि काही १.८ च्या. न पाहता जास्त व्होल्टेज दिलं तर चिप कायमची जाऊ शकते.

पण बंद पडलेलं मशीन शोधायला त्या मानाने सोपं. चालतं आणि मध्येच पडतं, ते अवघड.

अपडेट पूर्ण झालं की बायोसमधल्या सेटिंग बहुतेक वेळा मूळपदावर जातात. पंख्यांचा वेग, व्होल्टेज, रॅमचा वेग, डिस्कची पद्धत, सगळं. डिस्कची पद्धत रेडवरून एएचसीआयवर गेली तर विंडोज सुरूच होत नाही, निळी स्क्रीन येते. किल्ल्या सांभाळणारा टीपीएम पुसला गेला तर डिस्कला कुलूप लावणारा बिटलॉकर ४८ अंकी किल्ली मागतो, आणि ती कुठे जपून ठेवली आहे हे घरात कुणाला आठवत नाही. डीडीआर ५ रॅमचे बोर्ड अपडेटनंतर रॅमची जुळणी नव्याने करतात. त्यात कधी काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. माणूस घाबरून मेन स्विच बंद करतो आणि नसलेला बिघाड ओढवून घेतो.

कधी दोष खरोखर अपडेटचाच असतो, हेही तितकंच खरं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जगासमोर आल्या आणि घाईघाईने मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, बायोस अपडेटमधून वाटली गेली. थोड्याच दिवसांत हॅसवेल आणि ब्रॉडवेल पिढीची मशीनं आपोआप रीस्टार्ट होऊ लागली. २२ जानेवारीला इंटेलनेच सांगितलं की हे अपडेट आता टाकू नका. महिनाअखेरीस मायक्रोसॉफ्टने त्या दुरुस्तीचा एक भाग बंद करणारं वेगळं अपडेट काढलं. त्या दिवसांत ज्यांनी रॅम आणि एसएमपीएस बदलले, त्यांचे पैसे फुकट गेले.

२०२४ मध्ये गोष्ट उलटी होती. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गेम खेळताना कोसळत. पडद्यावर मात्र संदेश यायचा व्हिडिओ मेमरी कमी पडल्याचा, म्हणून लोक चांगली ग्राफिक कार्डं बदलत बसले. मूळ कारण निघालं ते प्रोसेसर मागत असलेल्या जादा व्होल्टेजचं. त्याने आतलं एक सर्किट वेळेआधीच झिजत होतं. ऑगस्टमधल्या मायक्रोकोडने ही मागणी १.५५ व्होल्टवर रोखली. तिथे बायोस अपडेट करणं हाच उपाय होता, पण आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नव्हता. इंटेलला त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. म्हणून "अपडेट वाईट" आणि "अपडेट टाकलंच पाहिजे" ही दोन्ही सरसकट वाक्यं मला धोक्याची वाटतात.

आता त्या तरुणाचं मशीन. विंडोजच्या इव्हेंट व्ह्युअरमध्ये कर्नल पॉवर ४१ ही नोंद रांगेने दिसत होती. नावातल्या 'पॉवर'मुळेच आधीच्या दुकानदाराने एसएमपीएस बदलला असणार. प्रत्यक्षात ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. कशामुळे, हे ती सांगत नाही.

मी बायोसमध्ये जाऊन सगळं डिफॉल्टवर आणलं, दुसरं काहीही बदललं नाही, आणि त्याचंच एक्सपोर्ट लावलं. दीड तास ते न थांबता चाललं. म्हणजे नवा बायोस, प्रोसेसर, एसएमपीएस हे एकत्र नीट काम करू शकत होते. मग त्याला विचारलं, अपडेटनंतर बायोसमध्ये काय केलंस? "काही नाही दादा, फक्त एक्स्पो ऑन केलं. एका मित्राने सांगितलं, ते बंद झालं असेल."

कॅबिनेट उघडलं. रायझन ७००० मालिकेचा प्रोसेसर, आणि रॅमच्या चार पट्ट्या. दोन आधीच्या, दोन नंतर घेतलेल्या, चारही ६००० वेगाच्या. या मालिकेत दोन पट्ट्यांसाठी कंपनीचा अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. एक्स्पो ऑन करणं म्हणजे पट्टीवर लिहिलेला ६००० चा वेग चारही पट्ट्यांकडून मागणं. एक्स्पो पुन्हा ऑन केलं, पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट लावलं, आणि बाविसाव्या मिनिटाला चूक दाखवणारी पहिली लाल ओळ उमटली.

पण मग अपडेटच्या आधी ते मशीन टिकत कसं होतं? त्याने फोनमधले जुने फोटो चाळले. रॅम वाढवली त्या दिवशी मित्राला पाठवलेला टास्क मॅनेजरचा फोटो सापडला. ६४ जीबी, आणि खाली वेग: ४८००. त्याचं मशीन जोडणाऱ्याने चार पट्ट्या लावल्यावर वेग हाताने कमी करून ठेवला होता. तो आकडा कुठे लिहिलेला नव्हता, अपडेटने पुसला, आणि मित्राच्या सल्ल्याने त्याच्या जागी ६००० येऊन बसला. मी ४८०० लावलं आणि मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवलं. सकाळपर्यंत एकही चूक नव्हती. मग बायोसचं एकेक पान पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. अनेक बोर्डांवर एफ १२ दाबलं की पानाचा फोटो निघतो.

तो सुटल्यासारखा हसला, पण माझं काम संपलं नव्हतं. रॅम चुकत असताना मशीन फक्त पडत नाही, चुकीचं लिहूनही ठेवतं, आणि ते कुणाला कळत नाही. त्या दिवसांत त्याने कॅमेऱ्याच्या कार्डांवरून तीन लग्नांचं चित्रीकरण याच मशीनवर उतरवलं होतं. दोन लग्नांची कार्डं अजून पुसलेली नव्हती. कार्डातली आणि डिस्कवरची प्रत्येक फाइल आम्ही चेकसमने, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणाऱ्या आकड्याने, ताडून पाहिली. चार जुळल्या नाहीत, त्या नव्याने उतरवल्या.

तिसऱ्या लग्नाचं कार्ड पुढच्या कार्यक्रमात वापरून झालं होतं. ती क्लिप अन् क्लिप डोळ्यांनी पाहण्याशिवाय इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघं पडद्यासमोर होतो. सप्तपदीच्या क्लिपमध्ये, चौथ्या पावलाच्या सुमारास, पडदा हिरव्या चौकटींनी भरला आणि सहा सेकंदांनी निवळला. त्याने क्लिप थांबवली, दुसऱ्या कॅमेऱ्याचं फोल्डर उघडलं आणि तेच पाऊल मागच्या बाजूने शोधायला घेतलं. ते मिळालं. नवरीचा चेहरा त्यात दिसत नव्हता, पण पाऊल पूर्ण होतं.