रिकामी खुर्ची

कागलला महामार्गालगत निघालेल्या एका नव्या उपाहारगृहात आम्ही सहकुटुंब जेवावयास गेलो. सजावट नवलाची, पांढरा रस्सा चिनी मातीच्या इवल्याशा पेल्यांतून आला. आम्ही भोजनापूर्वीची प्रार्थना केली. गर्दी फार होती. औद्योगिक वसाहतीतला एक कामगार, तेलकट कपड्यांत, आमच्या मेजाशी रिकाम्या खुर्चीकडे पाहत उभा राहिला. आम्ही मुकाट्याने तिच्यावर पिशवी ठेवली. तो निघून गेला.

समोर भिंतीवर शाहू महाराजांची तसबीर होती. कागलच्याच घाटगे घराण्यात 1874 साली जन्मलेला हा राजा, अस्पृश्य गणल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या कोल्हापुरातील हॉटेलात मुद्दाम थांबून चहा घेत असे.

रस्सा घशाखाली उतरेना. पिशवी उचलून आम्ही दाराशी गेलो. रस्त्यावर कोणीच नव्हते.