‘गॅस बंद केला ना?’

दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘मला ना, स्वच्छतेची ओसीडीच आहे!’’ सुरात तक्रार कमी, कौतुकाची अपेक्षा जास्त. एरवी मी चकली खात गप्प बसते. पण मानसोपचार हाच माझा व्यवसाय आणि इथे संपादकांनी पानं दिली आहेत, तेव्हा सांगून टाकते.

डबे ओळीत लावून ज्याला बरं वाटतं, तो टापटिपीचा माणूस. सोवळ्यात स्वयंपाक करणारी आजीही आजारी नसते. नैवेद्य दाखवला की तिचं सोवळं सुटतं. ओसीडीत, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डरमध्ये, ‘झालं एकदाचं’ हा क्षणच हाती लागत नाही. गॅस उघडा राहिला असेल, हाताला विष लागलं असेल, असा नकोसा विचार मनात घुसतो आणि त्याची भीती शमवायला माणूस धुतो, तपासतो, मोजतो, मनात जप करतो. काहींना तान्ह्या बाळाला आपल्याच हातून इजा होईल असं वाटतं, काहींच्या मनात देवासमोर शिव्या येतात. हे ते वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. त्यांना वाटतं, आपण मुळातच वाईट.

तसं नसतं. रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दाखवलं की असे विचित्र विचार सुमारे ८० टक्के निरोगी माणसांनाही येतात. निरोगी माणूस ‘काहीतरीच!’ म्हणून पुढे जातो; ओसीडी असलेला त्याचा अर्थ लावत बसतो.

आता परीक्षेत भल्याभल्यांना चकवणारी संज्ञा : निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. पुष्कळजण तिला शिक्षा समजतात. शिक्षेने वागणं कमी होतं. इथे ते वाढतं. काही केल्याने त्रास टळला, की ते पुन्हा करावंसं वाटतं, एवढंच. हात धुतले, भीती ओसरली. मेंदू शिकला की धुण्यामुळेच वाचलो. पुढच्या वेळी धुणं आणखी लांबतं.

घरचेही यात नकळत सामील होतात. ‘‘गॅस बंद केला ना?’’ ‘‘हो गं, केला.’’ दहाव्यांदाही तेच उत्तर, मग शेगडीचा फोटो, मग स्टेशनवरून माघारी येणं. सगळं मायेपोटी. पण आजाराला खतपाणी घालण्यात ओरडण्यापेक्षा ही समजूत पुढे असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली उलटी वाट मांडली : भीती वाटेल त्या गोष्टीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. भीती चढते, पण धुतलं नाही तरी अनर्थ होत नाही, हे माणूस स्वतः अनुभवतो. ही एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन पद्धत आज ओसीडीवरचा प्रमुख मानसोपचार आहे. जोडीला सेरोटोनिनवर काम करणारी औषधंही उपयोगी पडतात. मात्र हे पायरीपायरीने, तज्ज्ञाबरोबर ठरवून करायचं. लेख वाचून उद्यापासून बायकोला उत्तर देणं एकदम बंद करू नका.

या विचारांत आणि कृतींत रोज तासाभराहून अधिक वेळ जात असेल, किंवा त्यापायी नोकरी, झोप, संसार विस्कटत असेल, तर दाखवायला हवं. कुठे जायचं कळत नसेल, तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. चोवीस तास सुरू असतो.