एक वही, तीन छापे

"लिवून घेतलासा ते बरं झालं, पर नाव कशाला घातलासा?" मावशी एवढेच बोलल्या आणि आत निघून गेल्या. पुढे कितीतरी दिवस त्या आमच्याशी बोलल्या नाहीत.

सीमाभागातल्या बोलीतील शब्दांची एक लहानशी पुस्तिका आम्ही काही वर्षांपूर्वी काढली होती. शब्द, त्याचा अर्थ आणि तो शब्द जिच्या किंवा ज्याच्या तोंडून ऐकला त्यांचे एक वाक्य, एवढीच तिची मांडणी. बोलणाऱ्याचे नाव छापणार नाही, केवळ तालुका आणि अंदाजे वय देऊ, असे आम्ही प्रत्येकाला शब्द देऊन सांगितले होते. खानापूर तालुक्यातल्या या मावशींनी 'सवत' या शब्दापाशी जे वाक्य सांगितले, ते त्यांच्या स्वतःच्या घरातले होते. सांगताना त्या हसल्या होत्या, पण ते हसू कशावरचे होते हे समजण्याइतके आमचे केस पिकलेले होते. तेच वाक्य त्यांच्या पूर्ण नावानिशी आणि गावानिशी छापले गेले. गावात पुस्तिकेच्या चार प्रती गेल्या होत्या. त्या पुरेशा ठरल्या.

चूक छापखान्याची नव्हती, आमचीच होती. आमच्यापाशी एकाच मजकुराच्या दोन फाइली होत्या: एक नावांसह, आमच्या नोंदीसाठी, दुसरी नावांविना, छपाईसाठी. दुरुस्ती पहिलीत केली की ती दुसरीतही करावी लागे. एका रात्री कंटाळून आम्ही पहिलीचीच प्रत काढून तिच्यातून नावे पुसू लागलो. फाइलींची नावे 'अंतिम', 'अंतिम नवी', 'अंतिम खरी' अशी वाढत गेली. ज्यांनी संगणकावर स्मरणिका किंवा अहवाल तयार केला आहे, त्यांना ही वंशावळ परिचयाची असेल. छपाईला गेली ती यांपैकी अर्धवट पुसलेली प्रत. हाती लागल्या तेवढ्या पुस्तिकांवर आम्ही काळ्या शाईने रेघ ओढली. शाईखालचे नाव उजेडाकडे धरले की वाचता येत असे.

त्या दिवाळीत हैदराबादेहून पुतण्या आला होता. त्याने सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, तुमची वही एकच असायला हवी. वाचणाऱ्याप्रमाणे तिचे छापे वेगळे निघावेत."

"वही एक आणि छापे वेगळे, हे कसे जमायचे रे?"

त्याने आपल्या संगणकावर एक पडदा उघडला. त्यावर ना ठळक अक्षरे होती, ना रंगीत चौकटी, ना वरची बटणांची पट्टी. ओळीच्या आरंभी एक तारा दिला की तो मथळा; दोन तारे दिले की त्याखालचा उपमथळा; तीन दिले की त्याच्याही खालचा. टॅबची कळ दाबली की मथळ्याखालचा सारा मजकूर घडी घातल्यासारखा मिटे, पुन्हा दाबली की उलगडे. हे ऑर्ग-मोड. कार्स्टन डोमिनिक या अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली स्वतःची टिपणे आणि कामे लावून ठेवण्यासाठी ते लिहिले. ईमॅक्स नावाच्या जुन्या, मुक्त संपादकाच्या आत ते चालते, आणि २००७ च्या बाविसाव्या आवृत्तीपासून ईमॅक्सबरोबरच मिळते.

आमच्या मनाला प्रथम भिडले ते मात्र निराळेच. ही फाइल म्हणजे नुसती अक्षरे आहेत. ईमॅक्स नसलेल्या संगणकावर, अगदी नोटपॅडमध्येही ती उघडते आणि वाचता येते. याचे मोल आमच्यासारख्यांना विशेष कळते. आमच्या कपाटात नव्वदच्या दशकातल्या फ्लॉपी अजून आहेत. त्या काळी मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या फॉन्टांत आम्ही वीसेक गावांची टिपणे टाइप केली होती. तो फॉन्ट आज कोठे मिळत नाही, आणि त्याच्याविना त्या फाइलींत रोमन अक्षरे, अंक आणि कंसांची खिचडी तेवढी दिसते. ज्या वृद्धांनी ते सांगितले होते, त्यांपैकी बहुतेक आता नाहीत. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच जागा होती. आपण तिच्यात राहायला गेलो फार उशिरा.

आता छाप्यांविषयी. कंट्रोल-सी आणि लगेच कंट्रोल-ई दाबले की निर्यातीचा फलक उघडतो आणि विचारतो, काय हवे? पुस्तकासारखे पान हवे तर लाटेकमार्गे पीडीएफ, छापखान्याला द्यायचे तर ओडीटी, महाजालासाठी एचटीएमएल, नाहीतर नुसता साधा मजकूर. हा फलक आणि त्यामागची यंत्रणा २०१३ च्या ८.० आवृत्तीत नव्याने आली. तिचे मुख्य काम निकोला गोआझिउ यांचे. त्यापूर्वी प्रत्येक निर्यातक फाइल आपापल्या परीने वाचत असे, आणि मग एका छाप्यात यादी नीट उमटे, तर दुसऱ्यात ती विस्कटे. नव्या रचनेत फाइलीचा आधी एकच वृक्ष तयार होतो: कोणता मथळा, कोणता परिच्छेद, कोणती तळटीप. मग सगळे निर्यातक त्याच वृक्षावरून आपापला छापा काढतात. ओडीटीच्या निर्यातकाच्या आरंभी कर्त्याचे नाव जंबुनाथन असे वाचले तेव्हा आम्ही क्षणभर थबकलो. दक्षिणेच्या वळणाचे नाव अशा ठिकाणी वाचून मराठी-कानडीच्या शिवेवर राहणाऱ्याला बरे वाटते, त्याला काही कारण लागत नाही.

आमच्या कामाची खरी गोष्ट याहून लहान आहे. मथळ्याच्या शेवटी 'नोएक्स्पोर्ट' ही रोमन लिपीतली खूण दोन अपूर्णविरामांच्या मध्ये लिहिली, की तो मथळा आणि त्याच्या पोटातले सारे कोणत्याही छाप्यात उतरत नाही. वहीत राहते, बाहेर जात नाही. आम्ही प्रत्येक शब्दाच्या मथळ्याखाली 'सांगणारे' असा उपमथळा केला, त्यात नाव, गाव, तारीख लिहिली आणि त्यावर ही खूण लावली. दुसरी प्रत ठेवण्याचे कामच उरले नाही.

येथे थांबलो असतो तर हा लेख सुखाचा झाला असता. पण साडेचारशे शब्दांवर साडेचारशे उपमथळे उघडझाप करताना आम्ही कंटाळलो. ऑर्गमध्ये मथळ्याखाली 'खण' करता येतात, टेबलाच्या खणासारखे: उघडले तर दिसते, एरवी मिटलेले. गुणधर्म लिहायचा खण हा त्यातला एक, आणि तो आपोआप छाप्याबाहेर राहतो. आम्हांला वाटले, खण म्हटले की मिटलेला, मिटलेला म्हणजे झाकलेला. म्हणून आम्ही आपल्या नावाचा एक वेगळा खण केला आणि सगळी नावे त्यात हलवली. पडद्यावर सारे स्वच्छ दिसू लागले.

दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर छापखान्याला जायच्या आदल्या दिवशी पुतण्याचा फोन आला. "काका, पाठवण्यापूर्वी एकदा साध्या मजकुराचा छापा काढा, आणि त्यात मावशींचे नाव शोधा."

शोधले. सापडले. मावशींचे आणि त्यांच्यासह सगळ्यांचे.

नियम असा आहे: गुणधर्मांचा खण आणि कामाच्या नोंदींचा 'लॉगबुक' हा खण सोडला, तर बाकीच्या खणांतला मजकूर, तुम्ही काही न सांगितल्यास, छाप्यात उतरतो. तो उतरू नये असे वाटत असेल तर फाइलीच्या आरंभी 'ऑप्शन्स'च्या ओळीत 'डी' पुढे 'निल' लिहावे लागते. हे माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे. आम्ही ते वाचले नव्हते, कारण पडद्यावरची घडी म्हणजेच गुप्तता, असे आम्ही गृहीत धरले होते. घडी ही लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते. निर्यातीला ती दिसतच नाही. आता आम्ही नावे गुणधर्मांच्या खणातच ठेवतो, वर 'डी:निल'ही लिहितो, आणि तरीही प्रत्येक वेळी साधा छापा काढून त्यात चार नावे शोधतो. पुतण्या याला हसतो. हसू दे.

दुसरी गोष्ट श आणि ल यांची. पहिला पीडीएफ निघाला तो एका निवृत्त गुरुजींना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, पान डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाले, "हा श आपला नव्हे." खरोखरच तो हिंदी वळणाचा श होता, आणि ल सुद्धा. युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी श यांचा संकेत एकच आहे; कोणते रूप दाखवायचे ते फॉन्ट भाषेवरून ठरवतो, आणि भाषा सांगितली नाही तर अनेक फॉन्ट हिंदीचे रूप दाखवतात. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी या दोन अक्षरांची रूपे नेमून दिली आहेत. पण आपल्या यंत्राला ती कोणी सांगायची? उपाय दोन ओळींचा निघाला. ऑर्गच्या फाइलीत 'लँग्वेज'पुढे 'एमआर' लिहिले, की एचटीएमएलच्या पानावर मराठीची खूण बसते आणि ब्राउझर जाणत्या फॉन्टातून मराठी रूप उचलतो. पीडीएफसाठी नेहमीचा पीडीएफलाटेक देवनागरीपुढे हात टेकतो, म्हणून झीलाटेक निवडावा लागतो आणि फॉन्टच्या ओळीत भाषा मराठी असे सांगावे लागते. एवढे केल्यावर गुरुजींचा श परत आला. पण अनुक्रमणिकेवर मथळा मात्र इंग्रजीतच उमटला. अशा शब्दांचा एक छोटा तक्ता यंत्रणेपाशी असतो; ज्या भाषेचा शब्द त्यात नाही, तिच्याऐवजी इंग्रजी छापले जाते. तक्त्यात आपले शब्द घालता येतात. आम्ही 'अनुक्रमणिका', 'तळटीपा', 'लेखक' घातले. एखाद्या यंत्रात मराठी नाही याची तक्रार करणे आम्हांस अंगवळणी पडले आहे. येथे तक्रारीपेक्षा तीन ओळी लिहिणे सोपे होते, हे लिहिताना थोडे ओशाळे वाटते.

साध्या मजकुराने आमचा एक जुना दोषही उघडा पाडला. 'दऱ्या', 'वाऱ्या' यांतला अर्धा र टाइप करण्याच्या दोन रीती आहेत: एक खाली टिंब असलेला र वापरून, दुसरी साध्या र ला हलन्त देऊन आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात, शोधताना मात्र एक दुसरीला ओळखत नाही. आमच्या यादीत 'वैऱ्या' दोनदा आला होता, दोन निरनिराळ्या शब्दांसारखा. आता सगळे एका रीतीत आणले आहे.

बाकीच्या नव्या सोयी थोडक्यात. २०२१ च्या ९.५ आवृत्तीपासून संदर्भ देण्याची सोय आतच आली. शब्दापुढे मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीचा किंवा ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडाचा उल्लेख एका छोट्या खुणेने होतो आणि शेवटची सूची आपोआप तयार होते. २०२२ च्या ९.६ मध्ये घड्यांची यंत्रणा बदलली, त्यामुळे आमची लांबलेली फाइल पूर्वीसारखी अडखळत नाही. एकच मथळा निवडून तेवढ्याचा छापा काढता येतो. इंदूरच्या एका स्नेह्यांना केवळ 'झ'ची पाने हवी होती, ती तशी पाठवली, आणि त्यांनी माळव्यातली आपली भर साध्या ईमेलमध्ये तारे देऊन परत पाठवली. ती आम्ही तशीच वहीत चिकटवली. एक सावधगिरी: तीनपेक्षा खोल मथळे, वेगळे सांगितले नाही तर, छाप्यात मथळे न राहता यादीतल्या ओळी होतात. आमचा 'अडकित्ता' असाच एकदा यादीत गेला होता.

हे साधन सर्वांना मानवेल असे आम्ही म्हणणार नाही. ईमॅक्सच्या कळा बोटांना वाकवतात, आणि इनस्क्रिप्टमधून त्या दाबताना भाषा बदलायची राहिली की काहीच घडत नाही. साठीनंतर शिकणाऱ्याने एक कागद जवळ लिहून ठेवावा. आमचा अजून भिंतीवर आहे.

दुसरी आवृत्ती गेल्या पावसाळ्यात निघाली. तिची एक प्रत घेऊन आम्ही मावशींकडे गेलो. त्यांनी नातवाला हाक मारली आणि 'सवत' कोठे आहे ते काढायला लावले. तो वाचू लागला. वाक्य होते, तालुका होता, वय होते. मावशींनी त्याला पुढचे पान उलटायला लावले, मग त्याच्या पुढचे. सगळे पुस्तक असे पाहून झाल्यावर त्यांनी आम्हांला चहा ठेवला. निघताना म्हणाल्या, "वय चुकीचं घातलासा. मी एवढी म्हातारी न्हवं."