आधी काम की आधी मागणी?

धोरणाच्या पहिल्याच टिप्पणीत उद्दिष्टांची रांग दिसली की मी सावध होतो. रोजगारनिर्मिती, जलसंधारण, महिला सक्षमीकरण, कौशल्यविकास. सगळंच चांगलं, म्हणून सगळंच कागदावर. अशा टिप्पणीला कुणी विरोध करत नाही, कारण प्रत्येक विभागाला तीत आपापली ओळ सापडलेली असते. पण निधी अपुरा पडला किंवा दोन उद्दिष्टं एकमेकांच्या आड आली, तर तहसीलदाराने कशावर पाणी सोडायचं? हे आधी सांगून ठेवणं म्हणजे दिशा देणं. नियोजनाच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी आपलं महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचंच उदाहरण देत असतो.

वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केलेला प्रयोग, १९७२ चा दुष्काळ, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल, हे बहुतेकांना पाठ असतं. माझा जीव अडकतो तो कलमांत. इतर योजनांत वरून लक्ष्यांक येतो आणि अधिकारी काम काढतो. इथे मजुराने मागणी केली की पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही तर बेकारभत्ता. भत्ता सुरुवातीला दिवसाला १ रुपया, म्हणजे नावापुरताच. तरी त्या एका तरतुदीने कचेरीची दिनचर्या उलटी झाली. मागणी कधी येईल ते आपल्या हाती नाही, म्हणून अंदाजपत्रकं आणि तांत्रिक मंजुऱ्यांसह कामांचा शेल्फ आधीच तयार ठेवणं भाग पडलं.

दुसरं कलम साठ-चाळीसचं. खर्चाचा किमान ६० टक्के वाटा अकुशल मजुरीवर. यंत्र की माणसं, हा वाद प्रत्येक कामावर नव्याने घालायची गरजच उरली नाही. अभियंते कुरकुरत, आणि ते चुकीचं बोलत नव्हते: मातीकाम आणि मुरुमाचे रस्ते पावसात टिकत नाहीत, टिकाऊ कामाला सिमेंट लागतं. पण मजुरी आणि टिकाऊपणा यांत टक्कर झाली तर मजुरी जिंकेल, हे ठरलेलं होतं. किंमत जाणून मोजलेली होती. पैशाचंही तसंच. १९७५ पासून शहरातल्या पगारदारांच्या वेतनातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला आणि तेवढीच रक्कम राज्याने घालायची ठरली. दुष्काळाच्या वर्षी वित्त विभागाच्या दारात उभं राहावं लागू नये, हा त्यातला धोरणीपणा मला फार आवडतो.

१९९० मध्ये फळबाग लागवड या योजनेला जोडली गेली. अवर्षणग्रस्त तालुक्यांत डाळिंब, बोर, आंबा उभा राहिला. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. कागदावर मात्र ती फक्त एका उद्दिष्टाची भर दिसत होती. प्रत्यक्षात मागणी करणारा बदलला. भूमिहीन मजुराऐवजी सातबारा हाती असलेला शेतकरी अर्ज घेऊन आला. त्याच्यासाठी वेगळी योजना, वेगळा निधी हवा होता, असं मी आजही म्हणतो. माझे बरेचसे सहकारी ते मानत नाहीत.

२००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने मागणीचं तत्त्व उचललं, कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. पण मागणी आधी की काम आधी, हा प्रश्न कायद्याच्या मजकुरातून सुटत नाही. म्हणून तालुक्याला गेलो की प्रगतीचा तक्ता बाजूला ठेवून मी नमुना ४, म्हणजे मजुराचा कामाच्या मागणीचा अर्ज, बघायला मागतो आणि त्यावरची तारीख हजेरीपटाशी ताडून पाहतो. सगळे अर्ज एकाच दिवशीचे, एकाच हस्ताक्षरातले आणि काम सुरू झालं त्याच तारखेचे निघाले, तर काम आधी ठरलं आणि मागणी नंतर भरून घेतली, हे उघडच असतं. मग तक्त्यातल्या मनुष्यदिवसांवर चर्चा करायला मी फार वेळ बसत नाही.