दोन सीटांमधली पेटी

जिप्सीच्या पुढच्या दोन सीटांमध्ये जागा अशी नाहीच. गिअरचा दांडा, त्याच्यामागे फोर-व्हीलचा आखूड दांडा, मग हँडब्रेक, आणि उरते ती वीतभर रुंदीची पत्र्याची पट्टी. १९८५ साली ही गाडी भारतात आली तेव्हा माणसं गाडीत बसून चहा पीत नसत आणि खिशात फोन नव्हता. सामान मागे टाकायचं, आपण पुढे बसायचं, एवढाच हिशोब. आता तिचं उत्पादनही थांबलं, पण देहरादूनच्या गॅरेजांत तिला अजून कुणी जुनी गाडी म्हणत नाही.

मी महिन्यातून दोनदा विकासनगर, कालसी, साहिया करत चकरात्याला आणि तिथून पुढे त्यूणीच्या अंगाला जाते. कालसीपर्यंत सगळे जण येतात, तिथे अशोकाचा शिलालेख आहे. माझं काम त्याच्या वरच्या गावांत असतं. डोंगरातले झरे मोजायचे. दहा लिटरची बादली धारेखाली धरायची, किती सेकंदांत भरते ते वहीत लिहायचं, पाण्याची एक बाटली भरून आणायची. काम सोपं आहे, पण बाटल्या काचेच्या आहेत आणि शेवटचे पाच-सहा किलोमीटर रस्ता म्हणजे दगडांची रांग. शिवाय आई बरोबर असते. सांगलीचं घर बंद केल्यापासून ती माझ्याकडे आहे, तिला दोन दिवस एकटीला ठेवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर तिला मागे राहायचंही नसतं.

पेटी येण्याआधी गाडीतली मधली पेटी म्हणजे आईची मांडी होती. बाटल्यांचा खोका, वही, तिच्या गोळ्या, लाडवांचा डबा, सगळं तिच्या मांडीवर. एसटीच्या प्रवासात अख्खं आयुष्य गेलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. "मांडीवर असलं की जीवाला घोर नाही," असं ती म्हणायची. गेल्या पावसाळ्यात साहियाच्या पुढे एका वळणावर वरून दगड सुटले. मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, दगड समोरून खाली गेले. तिच्या पुढ्यात धरायला दांडी आहे, पण तिचे दोन्ही हात खोक्यावर होते. खोका पुढे गेला आणि त्याच्याबरोबर हातही. एकही बाटली फुटली नाही. डावं मनगट मात्र सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं.

पेटी बसवायची ठरली ती अशी.

बाजारात तयार पेट्या मिळतात. एका दुकानातून आणलेली पेटी 'कुठल्याही गाडीला बसते' अशी होती, म्हणजे कुठल्याच गाडीला धड बसत नव्हती. खाली चिकटपट्टी, वर कप ठेवायला दोन खड्डे. विकासनगरपर्यंत ती शहाण्यासारखी राहिली. पुढे बोलायला लागली.

गाडीचं दुखणं ओळखायला मराठीत आवाजांची सोय चांगली आहे. खडखड म्हणजे पत्र्यावर पत्रा, काहीतरी मुळातच सुटं. कुरकुर म्हणजे दोन वस्तू घट्ट आहेत, पण एकमेकींना घासताहेत. खुळखुळ म्हणजे पेटी जागेवर आहे, आतलं सामान मोकळं आहे. टकटक म्हणजे एकच स्क्रू ढिला. आमच्या मिस्त्रीकडे खटर-पटर आणि चूं-चूं असे दोन विभाग होते. गाडीखाली पडल्या पडल्या तो विचारायचा, "दीदी, खटर-पटर या चूं-चूं?" आणि मी मनातल्या मनात भाषांतर करून उत्तर द्यायची. त्या पेटीचं उत्तर होतं: दोन्ही.

पण आवाज हा त्रासाचा भाग, धोक्याचा नव्हे. धोक्याचा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर केला होता. भरलेली पेटी नऊ किलो. गाडी ताशी चाळीसच्या वेगात आहे आणि आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर त्या क्षणी पेटी पुढे जाण्यासाठी जो जोर लावते तो शंभर किलोच्या वजनापेक्षा जास्त भरतो. चिकटपट्टीने एका धडधाकट माणसाला लटकवून ठेवण्यासारखं ते आहे. मिस्त्रीला आकडे दाखवले तर त्याने पान न बघताच मान हलवली. त्याच्या मते रोजच्या खड्ड्यांना सुतळीही पुरते. पेटी बसवायची ती त्या एका दिवसासाठी, जो येऊ नये.

मग आम्ही आपली पेटी करायला घेतली. आधी पुठ्ठ्याची. पुठ्ठा सीटांमध्ये ठेवून दोन्ही सीटा पूर्ण पुढे-मागे सरकवून पाहिल्या, हँडब्रेक खाली-वर केला, आखूड दांडा फोर-लोमध्ये टाकून पाहिला. डोंगरात ऐन चढावर दांडा पेटीला अडला तर काय होईल हे सांगायला नको. सगळ्यात जास्त वेळ गेला सीटबेल्टच्या कुलपापाशी. ते सीट आणि पेटीच्या मध्ये येतं, आणि आईला तिथे हात घालून लाल बटण सापडायला हवं, तेही अंधारात आणि डाव्या मनगटाने पूर्ण न वळता. म्हणून पेटी दोन्ही बाजूंनी चार बोटं आत घेतली. तिची रुंदी इतकी कमी झाली की मिस्त्री म्हणाला, ही पेटी नाही, पेन्सिलीचा डबा आहे. लांबी मागच्या बाजूला वाढवली आणि भागवलं.

सीटचे बोल्ट तिथेच, हाताशी असतात. त्यांनाच पट्टी अडकवावी असा मोह कुणालाही होईल. मिस्त्रीने नाही म्हटलं. ते बोल्ट माणसासाठी आहेत, त्यांच्यामध्ये दुसरं काही घुसवायचं नाही. चासीलाही धरायचं नाही, कारण जिप्सीची बॉडी चासीवर रबराच्या गादीवर बसलेली असते. खराब रस्त्यावर दोघींची चाल थोडी वेगळी पडते, आणि पेटी दोघींना बांधली तर ओढाताणीत पत्रा जातो. उरला तळाचा पत्रा. तो जेमतेम एक मिलिमीटरचा. बोल्ट कितीही भारी घ्या, बोल्ट तुटत नाही, पत्रा फाटतो. म्हणून आठ मिलिमीटरचे चार बोल्ट, आणि पत्र्याच्या खालून तीन मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी लोखंडी पट्टी प्रत्येकाला. वरून छोटं दिसतं, खालून पूर्ण पंजाने धरलेलं असतं.

भोकं पाडण्याआधी तो अर्धा तास गाडीखाली पडून होता. पेट्रोलची नळी कुठून जाते, ब्रेकची कुठून, वायरिंग कुठे, हे खडूने त्याने वरच्या पत्र्यावर उतरवलं. बॅटरीची वायर काढली. ड्रिलच्या पात्यावर लाकडाचा तुकडा चढवला, म्हणजे पातं ठरल्यापेक्षा खोल जाणार नाही. गालिचा आधीच फुलीसारखा कापून बाजूला दुमडला, नाहीतर त्याचे धागे पात्याला गुंडाळून सगळा गालिचा फिरायला लागतो. भोकांच्या कडा कानशीने घासल्या, झिंक प्रायमर लावला. देहरादूनच्या पावसात उघडा पत्रा दोन महिने टिकत नाही.

एका गोष्टीवर आमचं जमेना. मला पेटीखाली जाड मऊ रबर हवं होतं, आवाज होऊ नये म्हणून. तो म्हणाला, मऊ रबर आज दाबलं जातं, महिन्याभरात बसतं आणि बोल्ट आपोआप ढिला होतो. शेवटी प्रत्येक बोल्टभोवती लोखंडी बुश घातलं आणि त्याच्या बाहेरून पातळ रबर. ताण लोखंडावर, कुरकुर रबरावर. नट नायलॉनच्या कड्याचे घेतले, जे थरथरीने उलटे फिरत नाहीत. झाकणाला चुंबक लावणाऱ्या पेट्या मी पाहिल्या आहेत. गाडी उलटली की चुंबक काय करणार? आम्ही लष्करी ट्रंकेला असते तशी ओढून खाली दाबायची कडी लावली. आत बाटल्यांसाठी फोमचे खण, जड सामान तळाला.

काम संपल्यावर मिस्त्रीने आईला बोलावलं. "माताजी, हिलाके देखो." तिने बऱ्या हाताने पेटी धरून अशी काही गदागदा हलवली की सगळी गाडी डुलली. पेटी गाडीबरोबर डुलली, वेगळी नाही. ती फक्त "बरी आहे," म्हणाली. मग प्रत्येक नटावरून शेजारच्या पट्टीवर एक सलग रेघ काढायची होती, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. मिस्त्री रंग शोधत होता. आईने पर्समधून माझ्या भाचीची जांभळी नेलपॉलिश काढून दिली. ती तिच्याकडे कशी आली ते मी विचारलं नाही.

पहिल्या खेपेला तिला हातांचं काय करावं ते कळेना. कालसीपर्यंत ते मांडीवर रिकामेच पडले होते. मग एक दांडीवर गेला, दुसरा पेटीच्या झाकणावर, जणू आतलं कुणी उठून बसेल. चढ लागल्यावर तिने झाकण उघडून लाडवांचा डबा काढला आणि परत मांडीवर घेतला. मी काही बोलले नाही. तो डबा स्टीलचा असला तरी एवढासाच आहे.

दोनशे किलोमीटर झाल्यावर मी गाडीखाली टॉर्च घेऊन गेले. तीन रेघा जुळलेल्या होत्या. डावीकडची मागची तांदळाच्या दाण्याएवढी सरकली होती. मी खालून पाना मागितला, आणि आईने तो पेटीतून काढून दिला.