पाय टेकले पाहिजेत

मंडळी, गणपतीच्या हिशेबाच्या बैठकीत यंदा मोदकांच्या खर्चापेक्षा माझ्या मोटरसायकलवर जास्त बोलणं झालं. पुरुषमंडळींनी विचारलं, 'किती सीसी?' बायकांनी विचारलं, 'भीती नाही वाटत?' आणि एका ज्येष्ठ काकांनी मला काहीच न विचारता माझ्या नवऱ्याला विचारलं, 'अहो, तुम्ही परवानगी कशी दिलीत?' नवरा म्हणाला, 'परवानगी तिनं मागितलीच नाही. पाना धरायला बोलावलं.' संपादकांनी तिथल्या तिथे या अंकाची दोन पानं माझ्या नावावर लिहून टाकली. प्रश्न विचारलेच आहेत, तर सविस्तर उत्तर देते.

गाडी आहे सुझुकी डीआर-६५०, २०१२ सालची, दोन मालकांच्या हातून माझ्याकडे आलेली. हिला ड्युअल स्पोर्ट म्हणतात, म्हणजे डांबरावरही चालते आणि कच्च्या रस्त्यावरही. हे मॉडेल १९९६ साली आलं आणि त्यानंतर कंपनीने त्यात फारसा हात घातला नाही. हवा आणि तेलावर थंड होणारं ६४४ सीसीचं एकच सिलिंडर, कार्ब्युरेटर, रेडिएटर नाही, एबीएस नाही, पेट्रोलचा काटासुद्धा नाही. टाकीखाली तोटी आहे आणि तिला रिझर्व्ह आहे. 'रिझर्व्हला लागली' हे वाक्य पुणं सोडल्यावर मी पहिल्यांदा मेलबर्नमध्ये उच्चारलं आणि उगाचच बरं वाटलं. मला पाना-पकडीने दुरुस्त होणारीच गाडी हवी होती, कारण मेकॅनिकचा तासाचा दर इथे काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय व्हिक्टोरियात नवशिक्याला ६६० सीसीपर्यंतची आणि वजनाच्या मानाने ठरावीक ताकदीच्या आतलीच गाडी चालवता येते. ही त्या यादीत बसते. लर्नर परमिटचा दोन दिवसांचा कोर्स, मग चेक राइड, मग परवान्याची चाचणी असं सगळं रीतसर पार पडलं. तोंडाला स्कार्फ गुंडाळून कर्वे रोडवर स्कूटी हाणल्याचा माझा अनुभव तिथे कोणी हिशेबात धरला नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधी सांगते. इथे विकणाऱ्याने रोडवर्दी सर्टिफिकेट द्यायचं असतं आणि ते तीस दिवसांच्या आतलं लागतं. तो कागद हातात आला की गाडी 'पास' झाली, असं आपल्यातले बरेच जण धरून चालतात. त्याचा अर्थ एवढाच, की तपासणीच्या दिवशी ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग या सुरक्षिततेच्या गोष्टी ठरलेल्या पातळीच्या वर होत्या. इंजिन ऑइल कधी बदललं, ब्रेकचं तेल किती वर्षांचं आहे, यावर कागद काही बोलत नाही. माझ्या गाडीची साखळी कोरडी ठणठणीत होती आणि ब्रेकचं तेल कोऱ्या चहाच्या रंगाचं. कागद मात्र अगदी खरा होता.

पण खरा प्रश्न उंचीचा होता. या गाडीची सीट जमिनीपासून ८८५ मिलिमीटरवर असते आणि मी पाच फूट तीन इंच. पहिल्या दिवशी बसले तर दोन्ही पायांचे अंगठे एकाच वेळी जमिनीला लागेनात. गाडीचं वजन १६६ किलो. ते चालताना जाणवत नाही, थांबताना जाणवतं. आणि कच्च्या रस्त्यावर आपण जिथे थांबू तिथली जमीन सपाट असेलच असं नाही. माझी लेक सात वर्षांची आहे. 'भीती नाही वाटत?' याचं खरं उत्तर असं, की मला चालवण्याची नाही वाटत, थांबण्याची वाटते. त्यामुळे आरसे, बॅगा, दिवे हे सगळं मागे ठेवून पहिला खर्च पाय टेकण्यावर केला.

ही सोय कारखान्यातच करून ठेवलेली आहे, हे गाडी घेण्याआधी वाचलं होतं. मागच्या शॉक-अब्सॉर्बरच्या खालच्या टोकाला बोल्टसाठी दोन भोकं आहेत. बोल्ट एकातून काढून दुसऱ्यात घातला की मागची बाजू खाली बसते. पुढचे फोर्क मात्र उघडावे लागतात आणि आतला स्पेसर हलवावा लागतो. पुढचं आणि मागचं दोन्ही उतरवायचं; एकच उतरवलं तर गाडीची वळण्याची रीत बिघडते. दोन्ही झालं की सीट ८४५ मिलिमीटरवर येते. चार सेंटिमीटर ऐकायला काहीच नाहीत, पण तेवढ्याने अंगठ्याच्या जागी चवडा टेकतो. सीटचा फोम फक्त कडांना तासून घेतला. मधला कापला की दोन तासांत माकडहाड तक्रार करतं. गाडी खाली आली की साइड स्टँड लांब पडतो, गाडी पुरेशी कलत नाही आणि जरा धक्का लागला तर पलीकडे आडवी होते. म्हणून एका वेल्डरकडून स्टँड इंचभर कापून पुन्हा जोडून घेतला. या कामाला सगळ्यात कमी पैसे लागले आणि सगळ्यात जास्त उपयोग झाला.

तरीही गाडी कधीतरी पडणारच, हे धरून चालायचं. पडलेली गाडी एकटीला उचलता येईपर्यंत शहराबाहेर जायचं नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. मागच्या हिरवळीवर जुनी गादी टाकली आणि गाडी मुद्दाम आडवी केली. रीत अशी: इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडल पूर्ण वळवलेलं. गाडीकडे पाठ करून कंबर सीटला टेकवायची, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांड्याला, आणि मग हातांनी न ओढता मांड्यांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत जायचं. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाते. पहिल्या शनिवारी गाडी फक्त गुडघ्याएवढी उठली. चौथ्या शनिवारी उभी राहिली. तेव्हा सासूबाई सातारहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, 'अगं, हिला साडीगार्ड कसं नाही?' विचारायलाच हवं होतं ते; आपल्याकडच्या प्रत्येक मोटरसायकलला असतं.

त्याच सासूबाईंनी पुढच्या कामात तीन तास टॉर्च धरला. या मॉडेलची एक नाजूक जागा जगभरच्या मालकांना माहीत आहे. गाडी न्यूट्रलमध्ये असल्याचा हिरवा दिवा ज्या स्विचवर लागतो, तो इंजिनाच्या आत, क्लचच्या मागे, दोन बारक्या स्क्रूंनी बसवलेला असतो. वर्षानुवर्षांच्या कंपनाने ते सैल होऊ शकतात आणि सुटलेला स्क्रू गिअरच्या दातांत गेला तर मोठा खर्च. तेही गाव सोडून पन्नास किलोमीटरवर. म्हणून क्लच उतरवला. झाकणाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, तेव्हा लेकीने पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढलं आणि ज्या भोकातला बोल्ट त्या जागी खोचून ठेवला. माझ्या गाडीचे दोन्ही स्क्रू घट्ट निघाले. तरीही काढले, आट्यांवरचं तेल पुसलं, लॉकटाइटचा निळा थेंब लावून परत बसवले.

इथे मला रसायनशास्त्रावर चार ओळी लिहू द्या, पीएच.डी. कुठेतरी वापरली पाहिजे. हा थेंब व्हर्नन क्रीबल यांची करणी. ते अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, साल १९५३. फेव्हिकॉल पाणी उडून गेल्यावर घट्ट होतो. हे द्रव्य उलटं आहे: हवेतला ऑक्सिजन मिळतोय तोवर ते पातळ राहतं. आट्यांच्या फटीत हवा पोचेनाशी झाली आणि धातूचा स्पर्श झाला की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात. म्हणूनच ती बाटली पूर्ण भरलेली नसते, आत हवेला जागा ठेवावी लागते. दुकानदाराने फसवलं असं समजू नका.

ब्रेकच्या तेलाचं तर अधिकच गंभीर. ते ग्लायकॉल ईथरच्या जातीचं असतं आणि हवेतली ओल शोषतं. डॉट-४ प्रतीचं ताजं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हा किमान आकडा १५५ वर येतो. लांब घाट उतरताना ब्रेक तापतात, तेल उकळलं तर नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. दर दोन वर्षांनी तेल बदला. तुमच्या मोटारीलाही हेच लागू आहे. बाटलीवर डॉट-५ लिहिलेलं असेल तर ते सिलिकोनचं, वेगळ्याच जातीचं. या तेलात मिसळायचं नाही. डॉट-५.१ मात्र चालतं. ही नावं ज्याने दिली त्याला एकदा भेटायचं आहे.

साखळी रॉकेलने धुवा, पेट्रोलने नको. तिच्या कड्यांमध्ये रबराच्या बारीक रिंगा असतात, आतलं ग्रीस त्यांनीच धरलेलं असतं, आणि पेट्रोल रबर बिघडवतं. रॉकेल इथे हार्डवेअरच्या दुकानात केरोसीन म्हणून मिळतं. त्या वासाने सासूबाईंना रेशनची रांग आठवली. पेट्रोलबद्दल एवढंच, की ई-१० म्हणजे दहा टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मी कार्ब्युरेटरच्या गाडीत भरत नाही. इथेनॉल पाणी ओढतं, आणि अर्धा टक्का पाण्याच्या आसपास ते पाण्यासकट खाली वेगळं बसतं. रोज चालणाऱ्या गाडीला फरक पडणार नाही, पण महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला पडतो. भारतात २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. माझा भाऊ फोनवर हल्ली दुसरं काही बोलत नाही.

जे बदललं नाही त्यात पहिला नंबर सायलेन्सरचा. गाडीचा आवाज वाढवणं म्हणजे सुधारणा, असं मानणारे फर्ग्युसन रोडवरही होते आणि इथेही आहेत. आमच्या शेजारणीचं बाळ चार महिन्यांचं आहे, विषय संपला. इंजिनाखाली जाड ॲल्युमिनियमची प्लेट आणि लिव्हर वाचवायला हँडलवर बार्कबस्टर्स बसवले. ते ऑस्ट्रेलियातच बनतात. मूळ टाकी १३ लिटरची, म्हणजे लिटरला वीस धरले तर २६० किलोमीटर. आयल्डनला टाकी भरून जेमिसनमार्गे वूड्स पॉइंटला जाऊन परत आयल्डनला यायचं तर दोनशेच्या वर होतात, आणि वाटेतला पंप उघडा असेलच या भरवशावर मी जाणार नाही. म्हणून २० लिटरची टाकी घेतली. भरलेली असताना ती सव्वापाच किलो जास्त जड होते आणि तेही उंचावर, त्यामुळे गरजेपुरतीच भरते. पुढचं चाक २१ इंची, मागचं १७. जागा कमी असेल तर २१ इंची ट्यूब एकच ठेवा. अडीअडचणीला ती मागच्या चाकातही घालून घरापर्यंत येता येतं.

नवऱ्याच्या अटी दोन होत्या आणि दोन्ही मला पटल्या. पहिली, अंधार पडायच्या तासभर आधी गाडी उभी करायची, कारण कांगारू आणि वॉम्बॅट संध्याकाळी रस्त्यावर उतरतात. दुसरी, खिशात पर्सनल लोकेटर बीकन. ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देणारी ही डबी फोनची रेंज नसलेल्या डोंगरात उपयोगी पडते. ती केंद्र सरकारच्या सागरी सुरक्षा खात्याकडे, म्हणजे आम्साकडे, नोंदवावी लागते. नोंदणी फुकट आहे. बुशवॉकला जाणाऱ्यांनीही घ्यावी. जॅकेट-पँट घेताना मोटोकॅपची क्रमवारी बघा. २०१८ पासून इथे कपड्यांना घासण्या-फाटण्याच्या चाचणीवर तारे देतात, आणि महाग ते चांगलं असं त्यात मुळीच दिसत नाही.

एप्रिलमध्ये एकटी गेले. हिल्सव्हिल, ब्लॅक स्परची उंच झाडं, मेरीसव्हिल, आयल्डन, आणि जेमिसनला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी वूड्स पॉइंटच्या वाटेला लागले. गोलबर्न नदीच्या काठाने जाणारा हा रस्ता पुढे कच्चा होतो. एकोणिसाव्या शतकात सोन्यासाठी माणसं इथून गेली. एका आंधळ्या वळणावर समोरून कुत्र्यांनी भरलेली एक यूट आली. रस्ता एका गाडीपुरता. मी डावीकडे अगदी कडेला थांबले, आणि डावीकडे उतार. तिकडचा पाय टेकायला गेलं तर खाली काहीच लागत नाही. उजवा, उंच बाजूचा पाय टाकला, चवडा खडीवर टेकला, पुढचा ब्रेक धरून ठेवला. यूटवाल्याने स्टिअरिंगवरचं एक बोट वर केलं, मी मान हलवली, तो गेला. धूळ बसेपर्यंत तशीच उभी होते. पोटरी थरथरत होती, गाडी नव्हती.

पुढच्या महिन्यात टॅपेट बघायचे आहेत. या इंजिनाला स्क्रूचे टॅपेट आहेत, फीलर गेज असला की दुपारभराचं काम. शनिवारी दुपारी आमचं गॅरेज उघडं असतं, दिवाळीच्या नाटकाच्या तालमीचे शनिवार सोडून. कोणाला स्वतःच्या गाडीचं ब्रेकचं तेल बदलून बघायचं असेल तर जुने कपडे घालून या. नवीन तेलाची बाटली आपापली आणा, फोडलेली जुनी नको.